काटा आणि आकडा

"टाकीत किती आहे?" या प्रश्नाची मराठी उत्तरं ठरलेली असतात: पाव, अर्धी, पाऊण, नाहीतर "काटा खाली टेकलाय". लिटरमध्ये कुणी सांगत नाही. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन असं मोजायची आपल्याला लहानपणापासून सवय, आणि पेट्रोलच्या काट्याची तबकडी याच मापाने आखलेली असायची. दोन टोकं, मधोमध अर्धा, अर्ध्याच्या अल्याड-पल्याड एकेक रेघ. नव्या गाडीत तोच प्रश्न विचारला तर उत्तर येतं, "अजून 312 किलोमीटर जाईल." ऐकायला हे उत्तर जास्त नेमकं वाटतं. ते जास्त खरं आहे का, हे तबकडीच्या मागे डोकावल्याशिवाय कळत नाही.

काटा बरा की पडदा, हा वाद बहुतेक वेळा देखणेपणावर अडकतो. एकाला जुन्या गाडीच्या तबकडीची ऊब आवडते, दुसऱ्याला दहा इंची पडद्याची झळाळी. मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गाडीला स्वतःबद्दल एखादी गोष्ट किती खात्रीने ठाऊक असते, आणि ती आपल्याला तेवढ्याच खात्रीने सांगते का?

टाकीपासूनच सुरुवात करू. आत पेट्रोलपंपाच्या शेजारी एक हलका फ्लोट तरंगत असतो. त्याच्या दांडीचं दुसरं टोक रोधाच्या पट्टीवर घासत वर-खाली होतं. काही गाड्यांत रिकाम्या टाकीला 10 ओम आणि भरलेल्या टाकीला 180 ओम असा हिशोब असतो, काहींत बरोबर उलटा. म्हणून दुसऱ्याच गाडीचा फ्लोट बसवला की टाकी भरल्यावर काटा खाली जातो. फ्लोट टाकीच्या छतापर्यंत पोहोचत नाही, मान भरेपर्यंत पेट्रोल घेतलं तर तो आधीच वर टेकलेला असतो. त्यामुळे पहिले पन्नास-साठ किलोमीटर काटा "फुल" सोडत नाही आणि पुढे मात्र भराभर उतरतो असं वाटतं. तळाशीही तसंच: काटा टेकला तरी पाचेक लिटर उरलेलं असतं. ते वापरायची सवय लावून घेऊ नये, कारण टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

जुन्या गाड्यांत हा काटा बायमेटल, म्हणजे दोन धातू चिकटवून केलेल्या, पट्टीवर चालायचा. फ्लोटच्या रोधातून येणारा प्रवाह पट्टीवरची तार तापवायचा, पट्टी वाकायची, काटा उचलला जायचा. चावी फिरवल्यावर काटा सावकाश चढायचा तो त्यामुळे. हा सुस्तपणा फार उपयोगाचा होता. घाटातल्या वळणावर टाकीतलं पेट्रोल डचमळलं तरी पट्टीला गरम-थंड व्हायला वेळ लागायचा आणि काटा शांत राहायचा. नंतर कॉइलवर चालणारे चपळ काटे आले तेव्हा तोच संथपणा आणण्यासाठी त्यांच्या आसाभोवती घट्ट सिलिकॉन तेल भरावं लागलं. आता ते काम प्रोसेसर करतो. फ्लोटच्या शेकडो नोंदींची सरासरी काढतो आणि मगच पडद्यावरची पट्टी हलवतो.

या जुन्या जोडणीतला दोष शोधणं सोपं असतं. पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवायला लागले तर फ्लोटला हात लावू नये. दोघांना मिळून स्थिर व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर पॅनेलच्या मागे असतो, तो गेलेला असतो किंवा त्याचं अर्थिंग सैल झालेलं असतं. एकटा पेट्रोलचा काटा चुकत असेल तर टाकीवरची वायर काढायची, चावी चालू करायची आणि काटा कुठल्या टोकाला जातो ते बघायचं. मग तीच वायर दोन-चार सेकंदच बॉडीला टेकवायची. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला तर वायर आणि मीटर ठीक आहेत, बिघाड फ्लोटमध्ये आहे. जास्त वेळ टेकवून ठेवली तर बायमेटलची तार जळते. ठरावीक जागी काटा उडी मारत असेल तर रोधाची पट्टी तिथे झिजलेली असते, आणि टाकी भरूनही काटा तळाशी असेल तर फ्लोटला भोक पडून तो बुडालेला असण्याची शक्यता मोठी. ही वायर टेकवण्याची युक्ती कॅन बसवर, म्हणजे गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या समाईक वायरीवर, चालणाऱ्या नव्या गाडीत मात्र करू नये.

आता ते 312 किलोमीटर. हा आकडा कुठेही मोजलेला नसतो, तो भागाकार-गुणाकाराने काढलेला असतो. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून इंजिनचा संगणक किती इंधन खर्च झालं ते काढतो, मागच्या काही किलोमीटरचं सरासरी ॲव्हरेज धरतो आणि फ्लोटने सांगितलेल्या लिटरला त्याने गुणतो. टाकीत 10 लिटर आणि ॲव्हरेज 18 असेल तर 180 दिसतील. तासभर वाहतुकीत रखडून ॲव्हरेज 12 वर आलं की तेच पेट्रोल 120 किलोमीटरचं होतं. खंबाटकीचा घाट चढताना हा आकडा धडाधड पडतो. उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद राहतात, ॲव्हरेज सुधारतं आणि आकडा चक्क वाढतो. पेट्रोल एक थेंब वाढलेलं नसतं. पुढचा रस्ता मागच्यासारखाच असेल हे या आकड्याने मनाशी धरलेलं असतं, पण तसं तो कुठे म्हणत नाही. तो "साधारण तीनशे" असं म्हणाला असता तर तक्रार नव्हती. पाव टाकी या उत्तरात तो "साधारण" आपोआप येतो.

वेगाचं शास्त्र याहून सुंदर आहे. 1902 साली स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी ज्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं, तीच रचना पुढे जवळजवळ शतकभर चालली. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवरून एक लवचीक केबल निघते आणि पॅनेलच्या मागे एका चुंबकाला फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनिअमची छोटी वाटी असते, त्याला कुठेही न टेकलेली. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात, ज्यांना एडी करंट म्हणतात, आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि खेच जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. यात बॅटरी नाही, वायर नाही. जपानी प्रमाणानुसार मोटारीची केबल एका किलोमीटरला 637 फेरे घेते. म्हणजे काटा 60 वर असताना चुंबक मिनिटाला बरोबर 637 वेळा फिरत असतो, आणि त्याच केबलवरून दातेरी चाकांनी किलोमीटरचे आकडे पुढे सरकत असतात.

अशा मीटरचा काटा थरथरायला लागला की दोष नव्वद टक्के वेळा केबलचा असतो. आतली तार कोरडी पडते, आवरणात अडकते, पीळ साठतो आणि एकदम सुटतो. तो झटका काट्यात दिसतो. बॅटरीची वायर काढून ठेवायची, गिअरबॉक्सकडचा आणि मीटरमागचा आटेदार नट सोडवायचा आणि आतली तार ओढून काढायची. रॉकेलने पुसून ती काचेवर किंवा सपाट फरशीवर लोळवून बघायची. एखाद्या जागी ती उडी मारत असेल तर तिथे मोड आला आहे, अशी तार टाकून द्यावी. सरळ असेल तर ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्यायचा, पण वरचं वीतभर टोक कोरडंच ठेवायचं. तार फिरते तसं ग्रीस स्क्रूसारखं वर चढतं आणि मीटरच्या डोक्यात शिरतं. मग वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटतो. परत बसवताना केबलला तीव्र वळण देऊ नये. वेगाचा काटा आणि किलोमीटर, दोन्ही एकदम बंद पडले तर केबल तुटली. काटा चालू आणि किलोमीटर बंद असतील तर आतलं प्लॅस्टिकचं चाक दात टाकून बसलं आहे. गाडी चालू असताना ट्रिप मीटर शून्यावर आणण्याची सवय त्या चाकाचा काळ ठरते. वर्षानुवर्षांनी चुंबक क्षीण झाला तर मीटर कमी दाखवतं, स्प्रिंग क्षीण झाली तर जास्त.

इथे शेजारी बसणाऱ्यांच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून शेजारचा माणूस तबकडीकडे डावीकडून तिरकं बघतो. काटा तबकडीच्या थोडा पुढे असल्यामुळे त्याला तो खऱ्या जागेपेक्षा उजवीकडे सरकलेला दिसतो, आणि काटा तबकडीच्या वरच्या भागात असताना उजवीकडे म्हणजे जास्त वेग. "जरा हळू चालवा" या वाक्यामागे भूमिती असते. पडद्यावरच्या आकड्याने हा एक घरगुती मतभेद खरोखरच मिटवला आहे.

अर्थात समोरून बघितलं तरी स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम 39 असा आहे की दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कधीही कमी नसावा, आणि जास्त असला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक 4 किलोमीटर, एवढाच. खरा वेग 100 असेल तर मीटर 100 ते 114 मधलं काहीही दाखवू शकतं. म्हणून कारखाने थोडा वाढीव वेग दाखवून सुरक्षित बाजूला राहतात. टायरचा फरक याच फटीत मावतो. 185/65 आर 15 टायरचा व्यास सुमारे 621.5 मिलिमीटर, 195/65 आर 15 चा 634.5. फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे रुंद टायर लावल्यावर मीटरच्या 100 ला गाडी आधीपेक्षा दोनेक किलोमीटरने वेगात असते. उलट नवा टायर 8 मिलिमीटर नक्षीवरून झिजत 1.6 वर आला की व्यास जवळजवळ 13 मिलिमीटर घटतो, हाही दोन टक्क्यांचाच फरक, दुसऱ्या दिशेचा. आपल्या गाडीचं मीटर किती पुढे आहे हे बघायचं असेल तर सरळ, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा सेकंद एकच वेग धरून शेजारच्या माणसाला फोनवरचा जीपीएस वेग वाचायला सांगावा. चढ-उतारावर किंवा वेग बदलताना हा ताळा चुकतो, कारण जीपीएसचा आकडा किंचित मागून येतो.

त्यामुळे पडद्यावर ठळक अक्षरांत 97 दिसतं तेव्हा त्यातला 7 हा बराचसा शोभेचा असतो. तरीही वेगाच्या बाबतीत मी आकड्याच्या बाजूने आहे. वेगमर्यादा आकड्यातच लिहिलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला 100, समृद्धी महामार्गावर 120. कॅमेराही आकड्यातच मोजतो. 97 की 103, हा प्रश्न तबकडीवरच्या दोन रेघांच्या मध्ये शोधायला लागणं म्हणजे रस्त्यावरून नजर काढणं, आणि 100 च्या वेगात एका सेकंदाला गाडी जवळजवळ 28 मीटर पुढे गेलेली असते. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडच्या मोटारींत 80 च्या पुढे दर मिनिटाला आणि 120 च्या पुढे सतत वाजणारी सूचना सक्तीची झाली, तिलाही आकडाच कळतो.

आकडा आणि काटा यांतला हा कामाचा फरक विमानांच्या जगात फार आधी ध्यानात आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तीन काट्यांचा उंचीमापक वाचताना वैमानिक हजारो फुटांच्या चुका करत. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे वॉल्टर ग्रेदर यांनी 1949 मध्ये वेगवेगळ्या तबकड्या वाचायला देऊन पाहिलं, तेव्हा नेमकी संख्या वाचण्यासाठी सरळ आकडे दाखवणारी खिडकी काट्यांपेक्षा जलद आणि बिनचूक ठरली. पण तेवढ्याने काटा बाद होत नाही. काही वेळा संख्या वाचायचीच नसते. सगळं जागेवर आहे ना, कुठे झुकतंय का, किती भरभर झुकतंय, एवढंच बघायचं असतं. पावणेसहाची बस असेल तर घड्याळाचा काटा किती वेळ उरला ते कोनातूनच दाखवतो, 5:32 वरून मात्र मनात वजाबाकी करावी लागते. इंजिनाच्या फेऱ्यांचं तसंच आहे. 3,847 हा आकडा कुणाच्याही कामाचा नाही, कारण तो वाचेपर्यंत बदललेला असतो. काटा लाल पट्ट्याकडे किती वेगाने चढतो आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. शर्यतीच्या गाड्यांत तबकडीच फिरवून बसवायचे, लाल रेघ बरोबर माथ्यावर येईल अशी. काटा उभा झाला की गिअर बदलायचा. तिथे वाचन नव्हतं.

चाळिशीचाही यात मोठा वाटा आहे. वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते उगाच नाही. त्या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि दूरच्या रस्त्यावरून पाऊण मीटरवरच्या पॅनेलवर नजर स्थिरावायला जास्त वेळ लागतो. काट्याचा कोन धूसर दिसला तरी कळतो. पडद्यावर एका कोपऱ्यात दाटीने मांडलेलं ॲव्हरेज, टायरचा दाब, गाण्याचं नाव हे धूसर दिसलं तर कळत नाही. वेगाचा आकडा मोठा असेल तर तोही धूसर वाचता येतो. म्हणून पडद्याची मांडणी निवडता येत असेल तर सर्वात मोठ्या अक्षरांची आणि सर्वात रिकामी निवडावी. पोलराइज्ड गॉगल वापरणाऱ्यांनी गाडी घेण्याआधी गॉगल घालून पडदा बघावा, मान थोडी कलती करूनसुद्धा. काही कोनांत एलसीडी काळाठिक्कर दिसतो.

आता एक गोष्ट, जी काट्यावर प्रेम करणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात नसते. केबल गेली तेव्हाच काटाही मनाने डिजिटल झाला. चाकाजवळच्या दातेरी कडीसमोरचा सेन्सर प्रत्येक दात मोजतो, एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, संगणक त्यावरून वेग काढतो, तो कॅन बसवर टाकतो, क्लस्टर म्हणजे समोरचं मीटरचं पॅनेल तो वाचतं आणि पावलापावलाने फिरणाऱ्या एका चिमुकल्या स्टेपर मोटरला काटा फिरवायला सांगतं. क्लस्टरांमध्ये सर्रास आढळणारी एक्स 27 जातीची मोटर 315 अंशांत फिरते आणि तिचं सूक्ष्म पाऊल एका अंशाचा बारावा भाग असतं, म्हणून हालचाल सलग दिसते. आपण कुठे उभे आहोत हे या मोटरला ठाऊक नसतं. चावी फिरवल्यावर काटा मागे जाऊन अडणीला टेकतो, तिथे शून्य धरलं जातं आणि पुढची पावलं मोजली जातात. सगळे काटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलतात तो देखावा या गरजेच्या शेजारीच जन्मला.

ही मोटर बिघडली की काटा शून्याच्या खाली लोंबतो किंवा मधेच अडकतो आणि गाडी थांबली तरी 40 दाखवत राहतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या 2003 ते 2006 मधल्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांत हा दोष इतका पसरला की फक्त या मोटरी बदलून देण्यावर कारागिरांची दुकानं चालली. दुरुस्ती अवघड नाही, धीर लागतो. क्लस्टर बाहेर काढण्याआधी चालू स्थितीत त्याचा फोटो काढून ठेवायचा. काटा हाताने हळूच डावीकडे अडणीपर्यंत नेऊन ती जागा चिकटपट्टीवर खुणेने नोंदवायची. दोन चमचे उलटे धरून, दोन्ही बाजूंनी सारखा जोर देत काटा वर उचलायचा. एकाच बाजूने उचलला तर आस वाकतो. मागचे चार पाय डिसोल्डर करून नवी मोटर बसवायची, तिचा आस आधी अडणीपर्यंत फिरवायचा आणि खुणेवर काटा दाबायचा. काटा तबकडीला घासत नाही ना ते कागदाची पट्टी खालून सरकवून बघायचं.

आकड्यांचा इतिहास काही कालचा नाही. ॲस्टन मार्टिनने लगोंडा गाडी 1976 मध्ये लंडनला दाखवली तेव्हा तिच्या पॅनेलवर लाल एलईडीचे आकडे होते. गाडी ग्राहकांपर्यंत पोहोचायला 1979 उजाडलं, आणि ते पॅनेल इतकं त्रासदायक ठरलं की पुढे त्याच्या जागी आधी पिक्चर ट्यूब आणि मग दुसरे प्रकाशमान आकडे बसवले गेले. 1980 च्या दशकात जपानी, अमेरिकी आणि युरोपीय गाड्यांत हिरव्या-निळ्या आकड्यांची लाट आली आणि ओसरली. भारतात 2006 च्या होंडा सिव्हिकने वर वेगाचा आकडा आणि खाली फेऱ्यांचा काटा अशी दोन मजली मांडणी आणली. माझ्या मते ती आजवरची सर्वात समजूतदार मांडणी होती. 2014 मध्ये ऑडी टीटीत 12.3 इंचांचा पूर्ण पडदा आला. त्यावर पहिली गोष्ट काय काढली, तर काटा, आणि तो सेकंदाला साठ चित्रांनी हलवण्यासाठी स्वतंत्र ग्राफिक प्रोसेसर खर्ची घातला. 2021 च्या चिपटंचाईत प्यूजोने 308 गाडीत पडद्याच्या जागी पुन्हा काट्याचं मीटर बसवायचं ठरवलं तेव्हा अनेकांना गंमत वाटली, पण ती साधी व्यवहाराची गोष्ट होती. काट्याला कमी चिप लागतात.

बिघाड कसा दिसतो, यात मात्र दोघांमध्ये खरं अंतर आहे. केबल तुटून मेलेला काटा शून्यावर पडतो. चालत्या गाडीत शून्यावर पडलेला काटा कुणालाही फसवत नाही. सात दांड्या उजळून बनणाऱ्या डिजिटल आकड्यांचं तसं नाही. 8 मधला वरचा उजवा दांडा गेला की 6 दिसतो, 9 मधला तोच दांडा गेला की 5. म्हणजे 80 चा 60 होतो आणि तो अगदी निरोगी दिसतो. एलसीडीला सर्किटशी जोडणारी रबराची पट्टी किंवा चिकटवलेली फीत उष्णतेने सुटते आणि दांडे असे गळू लागतात. म्हणूनच चावी फिरवल्यावर काही पॅनेलांवर क्षणभर सगळीकडे 8 उजळतो. तो क्षण चुकवू नये.

पूर्ण पडद्याचा आजार आणखी अवघड, कारण गोठलेलं चित्र जिवंत दिसतं. या भीतीतूनच आयएसओ 26262 हे सुरक्षेचं मानक मानणारे उत्पादक ब्रेक, एअरबॅग यांच्या खुणा वेगळ्या थराने काढतात आणि पडद्यावर प्रत्यक्षात गेलेले बिंदू जुळतात का हे गणिताने सतत तपासतात. जुळले नाहीत तर पडदा काळा करून परत सुरू करतात. काळा पडदा गोठलेल्या पडद्यापेक्षा शंभर पटींनी बरा. काही उत्पादक या खुणांचे खरे एलईडी पडद्याच्या कडेला ठेवतात, आणि ते मला सर्वात पटतं. झिजण्याचे प्रकारही नवे आहेत. 2021 मध्ये टेस्लाने सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलावल्या, कारण मधल्या पडद्यामागची 8 जीबीची फ्लॅश मेमरी सतत लिहून लिहून संपत होती आणि तिच्यासोबत मागचा कॅमेराही जात होता. 2024 मध्ये त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या सुमारे 22 लाख गाड्यांना दुरुस्ती करावी लागली ती अक्षरांसाठी. ब्रेक, पार्किंग आणि एबीएसच्या इशाऱ्याची अक्षरं नियमातल्या 3.2 मिलिमीटर उंचीपेक्षा लहान होती. पडदा एवढा मोठा असूनही अक्षर नियमाएवढं नव्हतं.

रात्रीची एक गोष्ट तर पडद्याने नकळत हिरावून घेतली. जुन्या गाडीत दिवे लावल्याशिवाय पॅनेल उजळत नसे. अंधार पडला की तबकडी दिसायची नाही आणि हात आपोआप बटणाकडे जायचा. आता पडदा दिवसरात्र झगमगतो, पुढे डीआरएल म्हणजे दिवसाही लागणारे दिवे जळत असतात, दिवे लावलेत असंच वाटतं, आणि मागे टेललॅम्प बंद. कॅनडाने सप्टेंबर 2021 पासून नव्या गाड्यांसाठी यावर नियम केला: एकतर डीआरएलसोबत टेललॅम्प लागावेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, नाहीतर दिवे लावेपर्यंत पॅनेल अंधारातच राहावं. तिसरा पर्याय म्हणजे जुन्या तबकडीचा गुण कायद्यात लिहिलेला. ज्यांच्या गाडीत पडदा आहे आणि दिवे आपोआप लागत नाहीत, त्यांनी दिवेलागणीला पडद्यावरची हिरवी खूण बघायची सवय लावून घ्यावी.

तापमानाच्या काट्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अनेक लहान गाड्यांतून तो गेला आणि त्याच्या जागी इंजिन थंड असताना निळा दिवा आणि उकळायला आल्यावर लाल, एवढंच उरलं. मधल्या सगळ्या काळात गाडी गप्प. ज्या गाड्यांत तो दिसतो तिथेही पुष्कळदा त्याला मधोमध बांधून ठेवलेला असतो. पाणी 80 अंशांवर असो की 100 वर, काटा अर्ध्यावरच, कारण तो जरा हलला की लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. कसारा घाटात, एसी लावून, भरल्या गाडीने चढताना पाणी 92 वरून 98, 98 वरून 104 असं चढत असेल तर ते आधी कळायला हवं. तेव्हाच एसी बंद करून, हीटर पूर्ण गरमवर टाकून, गाडी बाजूला घेता येते. आणखी एक फसवी खूण: चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नये. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला की त्याला पाण्याचं तापमान लागतच नाही. पडद्यावर या आकड्याला भरपूर जागा आहे, आणि सेन्सरही बसवलेला असतो. तो न दाखवणं हा कारखान्याचा निर्णय असतो. निदान गाडीचा संगणक वाचण्यासाठी असलेल्या सोळा पायांच्या ओबीडी सॉकेटमध्ये हजारेक रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर लावून तो फोनवर बघता येतो.

सीएनजीवाल्यांना काटा आणि दिवे यांची जोडी रोजच भेटते. डॅशबोर्डवरच्या बटणात चार हिरवे दिवे असतात, इथेही पुन्हा पाव, अर्धा, पाऊण, आणि बॉनेटखाली वायूचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरजवळ दाबाची खरी तबकडी. पंपावर 200 बार दाखवून भरलेली टाकी घरी येईपर्यंत खाली उतरलेली दिसते आणि गळतीची शंका येते. भरताना वायू तापतो, निवल्यावर दाब पडतो, एवढंच कारण. म्हणून पहाटे, गाडी थंड असताना बॉनेट उघडून तबकडी बघावी. ती दोन सकाळी, गाडी न हलवता, खाली सरकलेली आढळली तरच गळती शोधावी.

विजेच्या गाडीने हा प्रश्न पुन्हा उघडा केला आहे. बॅटरीत फ्लोट नसतो. किती प्रवाह आत गेला, किती बाहेर आला याची जमाखर्चाची वही संगणक लिहितो आणि अधूनमधून व्होल्टेजशी ताळा करतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात 3.2 ते 3.3 च्या आसपासच राहतं, त्यामुळे 70 टक्के आणि 40 टक्के यांत ताळ्याला फारसा आधार मिळत नाही आणि वहीतली चूक साठत जाते. अशा बॅटरीला कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठरावीक दिवसांनी 100 टक्के भरायचं ते यासाठी, वरच्या टोकाला व्होल्टेज चढतं आणि वही बरोबर होते. महिनाभर 30 ते 80 च्या मध्ये फिरवलेल्या गाडीचे 18 टक्के हे 18 असतीलच असं धरून लांबचा चार्जर गाठायला निघू नये.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला इंजिन आधीपासून चालू ठेवू देऊ नका. बंद गाडीत बसा, चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा आणि पॅनेलकडे बघत राहा. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी, इंजिन चालू न करताही, आपला आपण विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बल्ब काढलेला आहे. इंजिन चालू केल्यावर तो ऑइलच्या दिव्यासोबत त्याच क्षणी विझला तर दोघांची वायर एकत्र जोडलेली आहे आणि एअरबॅगची खबर कुणीच देत नाही. किलोमीटरचा आकडा बघून मग क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि टायरवरचा चार आकडी कोड बघा. त्यातले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांच्या गाडीवर 28 हजार किलोमीटर लिहिलेले असतील आणि चारही टायर गेल्या वर्षीचे असतील, तर मीटरपेक्षा टायरवर विश्वास ठेवा आणि इंजिनच्या संगणकात किंवा एबीएसमध्ये किती किलोमीटरची नोंद आहे ते स्कॅनर लावून वाचून घ्या.